एकाच नावाचे दोन फोल्डर

बाकीच्या ऑफिसांत फायली साचतात. आमच्याकडे फायलींच्या नावांचे किस्से साचलेत. कोणी नवीन भेटलं की एक सांगायला जावं आणि त्यामागून चार बाहेर यावेत, अशी परिस्थिती!

पनवेलला आमचं आर्किटेक्टचं छोटंसं ऑफिस आहे. माणसं तीन. केळकर सर मालक, शकीलभाई साइट बघतात आणि मी, सुषमा कदम, ड्रॉइंग काढते. सरांचा कॉम्प्युटर खारघरला घरी, माझा ऑफिसात, शकीलभाईंचा लॅपटॉप साइटवर. तिन्हीकडच्या फायली आपोआप सारख्या राहाव्यात म्हणून सरांनी सिंक लावून घेतलं. "आता एकाने बदललं की तिघांकडे बदलेल. गोंधळच संपला!" असं म्हणाले होते बिचारे.

*

पहिल्याच आठवड्यात एका ड्रॉइंगमध्ये सरांनी घरून खिडकी सरकवली आणि त्याच वेळी शकीलभाईंनी साइटवरून दरवाजा. अशा वेळी मशीन कोणाची बाजू घेत नाही. दोन्ही फायली ठेवतं आणि त्यातल्या एकीला 'शकील – कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असं शेपूट लावतं.

सरांनी ते वाचलं आणि थेट फोन लावला. "शकीलभाई, तुमचा माझ्याशी काही कॉन्फ्लिक्ट आहे का?"

"नाही सर."

"मग इथे तसं लिहून का आलंय?"

शकीलभाई हळूच म्हणाले, "सर, मी फक्त घरी बायकोकडे बोललो होतो. याला कसं कळलं?"

*

मग मी नियम काढला. फायलीला 'फायनल' म्हणायचं नाही, कारण तशा अकरा झाल्या होत्या. शेवटी फक्त आपली इनिशियल्स टाकायची, म्हणजे कोणाची फाइल ते लगेच कळेल. सर खूश.

दुसऱ्या दिवशी बघते तर झाडून सगळ्या फायलींवर 'एसके'! श्रीधर केळकर, शकील काझी, सुषमा कदम.

"आकडे देऊ," सर म्हणाले. "एसके एक, दोन, तीन." पण एक कोणी व्हायचं? सर मालक, शकीलभाई वयाने मोठे. दोघंही सभ्य. पाच मिनिटं नुसतं 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या'. शेवटी शकीलभाई म्हणाले, "एक तुम्हीच घ्या सर. चूक शोधायला लोक पहिली तीच फाइल उघडतात."

*

सर शुद्धलेखनाचे कडक. ते फोल्डरला 'दुरुस्ती' असं नाव देतात, रु ऱ्हस्व. शकीलभाई लिहितात 'दुरूस्ती', रू दीर्घ. आपण दोन्ही एकच वाचतो. मशीन नाही वाचत. त्याने गुपचूप दोन फोल्डर केले. सर पहिल्यात सुधारणा टाकत राहिले, शकीलभाई दुसऱ्यात बघून बांधत राहिले. तीन आठवड्यांनी सर साइटवर गेले, तर बाथरूमचं दार थेट हॉलमध्ये उघडत होतं!

सर तिथेच उभं राहून ऱ्हस्व-दीर्घ समजावायला लागले. शकीलभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, आधी वरचा स्लॅब पडू दे. व्याकरण मग बघू."

*

फाइलच्या नावात तिरपी रेघ चालत नाही, हे कळलं त्या दिवशी सर सर्वांत जास्त चिडले. "अख्खा महाराष्ट्र ज्या सातबारावर चालतो, त्याचं नाव याला चालत नाही?"

रेघ काढायची म्हणून मी कर्नाळ्याजवळच्या सर्व्हे नंबर ४५/२ च्या फाइलला नुसतं '४५२' नाव दिलं. शकीलभाई निघाले आणि मोजणीवाल्याला घेऊन थेट ४५२ नंबरच्या जमिनीवर गेले. तिथे एक आजोबा होते. त्यांनी खुर्च्या दिल्या, ताक दिलं, टेपचं एक टोकसुद्धा धरलं. चारही बाजू मोजून झाल्या, आकडे त्यांनी आपल्या वहीत उतरवून घेतले आणि मग विचारलं, "बरं, तुमाला पाठवलं कोनी?"

*

जासईचे रमाकांत घरत आमच्याकडे घराचा प्लॅन करून घ्यायला आले. महिन्याने जासईचेच दुसरे रमाकांत घरत आले. सख्खे चुलतभाऊ! आजोबांचं नाव कोणाच्या मुलाला द्यायचं यावर दोघांच्या वडिलांचं जमलं नाही, म्हणून दोघांनीही तेच ठेवलं. आता जुनं घर पाडून अर्ध्या-अर्ध्या जागेत दोघं वेगवेगळी घरं बांधणार होते. मधल्या भिंतीवरून वाद झालेला, बारा वर्षं बोलणं बंद.

आधी आलेले वयाने थोरले; त्यांचा फोल्डर मी केला, धाकट्यांचा सरांनी घरी. दोन्हींचं नाव 'घरत रमाकांत'. एकच नाव दिसल्यावर सिंकने दोन्ही फोल्डर मिसळून एक करून टाकले. मी न बघता प्रिंट काढले. थोरल्यांच्या हातात पडले ते असे : तळमजला त्यांचा, पहिला मजला धाकट्याचा.

"मॅडम, ह्यो वरचा मजला माजा नाय," ते म्हणाले.

मी वाकून बघितलं आणि घोळ लक्षात आला. एकाचा प्लॅन दुसऱ्याच्या हातात, आणि तेही या दोघांच्या! मी कागद परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी सोडला नाही. एका खोलीवर बोट ठेवून उभे होते. तिथे लिहिलं होतं, 'काकूंची खोली'.

"ह्यो कोनाचा हाय?"

सांगावंच लागलं. "तुमच्या भावाचा."

"त्याला काकू एकच हाय," ते म्हणाले. "आमची आय."

मग खुर्चीत बसून राहिले. सर माफी मागत होते, ते त्यांच्या कानापर्यंत गेलं असं वाटत नाही. उठले, तो कागद घडी करून खिशात घातला आणि स्वतःचा प्लॅन टेबलावरच ठेवून गेले.

चार दिवस ऑफिसचा फोन वाजला की मी सरांकडे बघायची आणि सर माझ्याकडे. पाचव्या दिवशी थोरल्यांचाच फोन आला.

"मॅडम, त्या खोलीची खिडकी पश्चिमेला दावलीय. म्हातारीला दुपारचं ऊन सोसत नाय. त्याला सांगा, पूर्वेला घे."

मी म्हटलं, "दादा, तुम्हीच सांगा ना त्यांना."

"छे! आमी बोलत नाय."