सोवळ्यातील तपासणी

१९ जानेवारी १९५४, मंगळवार, सकाळी सव्वाआठ. नौपाड्यातील आमच्या घरामागच्या विहिरीवर वडील आंघोळ करून सोवळे नेसले, तोल जाऊन खाली बसले, आणि त्यांना उठता येईना.

मी धावलो.

"शिवू नकोस! पूजा व्हायची आहे."

सोवळ्यातील माणसाला हात देता येत नाही. मी आणि आई अंतर राखून उभे राहिलो. शेवटी रहाटाचा खांब धरून ते स्वतःच उठले.

मी निर्णय जाहीर केला : उद्यापासून पूजा मी करणार.

"तू? देव घर सोडून जातील," वडील म्हणाले.

मी डॉक्टरांना घेऊन आलो. ते माझे शाळासोबती. वडिलांनी त्यांनाही उंबऱ्याबाहेर रोखले. "नैवेद्य होईपर्यंत नाडी मिळायची नाही."

डॉक्टर ओटीवर बसून पाहू लागले. पाटावरून उठताना वडिलांनी देव्हाऱ्याची चौकट धरली. देवांनाही हादरा बसला. घंटा वाजवता वाजवता हात खाली आला. पुढे पानावर त्यांनी पोळी बाजूला सारली आणि ताकभात गिळला.

जेवण झाल्यावर नाडी मिळाली. डॉक्टर म्हणाले, "काका, रोग नाही. मांड्यांत जोर उरलेला नाही. दात गेले, जेवण घटलं, अंग उतरलं. वर उपास किती करता?"

"ते देवाला ठाऊक."

"मग त्यालाच कळवा, उपास बंद. दूध, लोणी, मऊ वरणभात. आणि रोज खांब धरून उठाबशा."

"या वयात मास्तरांची शिक्षा?"

"गृहपाठ समजा."

मी विचारले, "आणि पूजा?"

"ती त्यांनीच करायची. तिच्यासाठी तर ते सकाळी उठतात. काढून घेतलीस, तर खाट धरतील. तू फक्त देव्हाऱ्याशेजारी भिंतीत धरायला दांडा बसव."

माझा निर्णय दुपारही पाहू शकला नाही. वडील प्रथमच डॉक्टरांकडे प्रसन्नतेने पाहत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुतार नको. तूच बसव. बघू, एवढी तरी सेवा जमते का."

संध्याकाळी वखारीतून सागाचा दांडा आणला. भिंत दोन ठिकाणी नाहक फोडली, तिसऱ्या ठिकाणी तो बसला. त्याला लोंबकळून पाहिले. मग सोवळ्यात धरायला चालावा म्हणून वडिलांच्या देखत विहिरीचे पाणी ओतून तो धुतला आणि जमीन पुसून घेतली.