दिवस मावळला की बिथरणारा रोव्हर

प्लॉट आखायचा माझा रोव्हर दिवसभर शहाण्यासारखा वागायचा आणि दिवस मावळला की बिथरायचा. रोव्हर म्हणजे काठीवर बसवलेलं यंत्र; उपग्रहांचे संदेश पकडून आपण उभे आहोत ती जागा बोटाच्या पेराइतकी नेमकी सांगतं. तो मी एका चाचांच्या दुकानातून जुना घेतला होता. तीन दिवस घासाघीस केली, चौथ्या दिवशी चहा तसाच टाकून उठून गेलो, तेव्हा कुठे भाव उतरला. एवढ्या कष्टानं स्वस्तात मिळवलेली वस्तू खराब निघाली की राग दुप्पट येतो.

माझी गिऱ्हाइकं सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातली, नोकरदार. ऑफिस सुटल्याशिवाय प्लॉटवर येत नाहीत. मार्चमध्ये एका बँकवाल्या साहेबांचा कोपरा आखत होतो. अंधारून आलं आणि आकडे उड्या मारू लागले. कोपरा घटकेत रस्त्यावर, घटकेत शेजाऱ्याच्या पायऱ्यांवर.

"अहो, आमचा प्लॉट फिरायला निघालाय की काय?" साहेब म्हणाले. त्यांच्या बायकोला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी रोव्हर चाचांच्या काउंटरवर ठेवला. ठेवला कसला, आदळलाच. त्यांनी तो दुकानासमोर उभा केला. आकडा जागचा हलेना. आणखी दोनदा गेलो, दोन्ही वेळा तेच.

"यंत्र चांगलं हाय. गरम तुमचं डोकं हाय," चाचा म्हणाले. "कायकू तापताय?"

"भंगार गळ्यात मारलंत चाचा! पैसे परत करा, नाहीतर इथंच बसतो."

"बसा की. जरा सावलीत बसा."

शेवटी मी त्यांना संध्याकाळी प्लॉटवर यायला लावलं. समोर बिघाड दिसला तर सगळे पैसे परत, असं बिलाच्या पाठीमागं लिहून घेतलं. त्यांनी एका शब्दाची घासाघीस न करता लिहून दिलं. मी तिथंच सावध व्हायला हवं होतं.

सूर्य बुडाला. चाचांनी गाडीतून कोरा करकरीत रोव्हर काढून माझ्या रोव्हरशेजारी रोवला. थोड्या वेळानं माझे आकडे नाचू लागले. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली.

"आता हा बघा," चाचा म्हणाले. त्यांचा कोरा माल माझ्याहून जोरात नाचत होता.

त्यांची मुलगी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. तिच्याकडून ऐकलेलं त्यांनी मला उभ्या उभ्या सांगितलं. काहीशे किलोमीटर उंचीवर उन्हानं विद्युतभार आलेल्या कणांचा थर असतो, आयनांबर. सूर्य बुडाला की त्याची खालची बाजू झपाट्यानं विरळ होते आणि त्या विरळ भागाचे मोठाले बुडबुडे वरच्या दाट थरात चढतात. उपग्रहाचा संदेश अशा खडबडीत थरातून येताना विस्कटतो, कधी जोरात पोचतो, कधी मरगळून. तारा लुकलुकतो तसा संदेश लुकलुकतो आणि यंत्राच्या हातून सुटतो. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना, आपल्याकडं, हे जास्त. मार्च आणि सप्टेंबर या दोन महिन्यांच्या सुमारास आणखी जास्त. आणि सूर्य खवळलेला असेल त्या वर्षांत तर विचारूच नका. सध्या तो खवळलेलाच होता.

मी बिल पुढं केलं. "ते राहू द्या. तुमच्यासमोर बिघडलं का नाही?"

"यंत्र कुटं बिघडलं? बिघडलं ते आभाळ. ते मी विकलं न्हाय."

"मग विकतानाच का नाही सांगितलं? तीन हेलपाटे घातले मी!"

चाचांनी आपला रोव्हर पुसून शांतपणे पेटीत ठेवला. "सांगितलं असतं तर तुमी आणखी भाव पाडला असता."

पाडला असता, यात शंकाच नाही. कागद घडी घालून खिशात टाकला आणि रोव्हर काखेत मारून घरी आलो. हा माणूस मला पहिल्या दिवसापासून पुरता ओळखून होता, हे मी त्याला अजून माफ केलेलं नाही.