नानासाहेबांचा पाट

सोल्डरिंग करायला माणसाला तीन हात लागतात, आणि आमच्या घराण्यात आजवर कोणालाही दोनाहून जास्त आलेले नाहीत. एका हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्यात कथलाची तार. मग सर्किट बोर्ड धरणार कोण?

मध्य प्रदेश राज्य नुकतंच झालं होतं, आणि मला ट्रान्झिस्टर रेडिओ घरी जोडायचं खूळ लागलं होतं. आधी बोर्ड धरायला धाकटी बहीण कुसुम बसवली. बोटाला चटका बसताच तिने बोर्ड वरणात टाकला. (वरण आम्ही गाळून खाल्लं.) मग आईची सांडशी घेतली, दूध उतू गेलं. शेवटी पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यात शिकंजा, म्हणजे वस्तू आवळून धरायची लोखंडी पकड, बघायला गेलो. तिथला मिस्त्री माझा बोर्ड बोटांत फिरवत म्हणाला, "भिया, ये तो लोहा पकड़ने का है. तुम्हारी ये पापड़ी चूरा हो जाएगी!"

त्याने सहानुभूती म्हणून चार लांब खिळे दिले. तिथेच मला युक्ती सुचली.

घरात एक जाडजूड शिसवी पाट होता, वर पितळी फुलं जडवलेला, खास पाहुण्यांचा. तो उलटा केला, बोर्ड मधोमध ठेवला आणि बोर्डाच्या चार कोपऱ्यांना चार खिळे ठोकून वाकवले. बाबांची झोप मोडू नये म्हणून पाटाखाली घडी केलेलं पोतं घेतलं होतं. खिळे लोण्यात शिरावेत तसे शिरले. बोर्ड असा घट्ट बसला की मी स्वतःचीच पाठ थोपटली.

रविवारी कुसुमला बघायला मंडळी आली. मुलगा माधव कुसुमला आधीच पसंत होता. आता त्याच्या वडिलांना, नानासाहेबांना, ती पसंत पडायची होती. घराणं जुनं दरबारी, मिशा त्याहून जुन्या. आईने भिंतीला टेकवलेला शिसवी पाट घाईत खालची बाजू न बघताच उचलला आणि नानासाहेबांसाठी मांडला. मी पाणी घेऊन येईपर्यंत ते बसलेही होते.

बसले आणि ताठ झाले. खिळ्यांची टोकं पितळी फुलांच्या मधून तांदळाएवढी वर आली होती! पण भरल्या पंगतीतून उठणं म्हणजे अन्नाचा अपमान.  नानासाहेब नुसते भराभर जेवू लागले.

"सावकाश होऊ द्या नानासाहेब," बाबा म्हणाले. "घाई कसली? अगं, श्रीखंड वाढ त्यांना!"

"नको... बस झालं..."

"अहो, कुसुमने स्वतः केलंय जी! दोन पुऱ्या तर घ्याच."

बाबांचा आग्रह अख्ख्या आळीत प्रसिद्ध होता. एकेका पुरीबरोबर नानासाहेब डावीकडून उजवीकडे कलत होते. त्यांचा चेहरा बघून कुसुमचे डोळे भरून आले. ती स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "दादा, श्रीखंड बिघडलंय का रे? मी त्यांना नाही आवडले ना?"

मला खरं ठाऊक होतं. मला स्वतःची शरम वाटली. तरी मी आणखी दोन पुऱ्या नेऊन नानासाहेबांना वाढल्या.

अखेर नानासाहेब उठले. त्यांच्याबरोबर पाटही उठला! धोतरात अडकून वीतभर वर आला आणि धाडकन खाली पडून उलटा झाला. सगळी पंगत खिळे, बोर्ड आणि लोंबणाऱ्या तारा बघत राहिली.

"हे काय आहे?" नानासाहेबांनी विचारलं.

"रेडिओ," मी म्हणालो. "अजून वाजत नाही."

माधव खाली वाकला आणि बोर्ड निरखून म्हणाला, "पकड तर एकदम फर्स्ट क्लास है!"

नानासाहेबांनी धोतर सावरलं आणि कुसुमकडे बघितलं. "बाई, खिळ्यांवर बसून नऊ पुऱ्या खाल्ल्या, त्या तुझ्या श्रीखंडासाठी. मुलगी आम्हाला पसंत आहे. मानपान काही नको. लग्नात आम्हाला फक्त एक खुर्ची द्या." मग माझ्याकडे बोट केलं. "आणि ह्यांना त्या खुर्चीजवळ फिरकू देऊ नका."

रेडिओ कधीच वाजला नाही. तो पाट आईने माझ्या नावावर केला. खिळे मीच उपटले, पाट मीच घासून गुळगुळीत केला. तरी जेवायला बसताना अजूनही मी आधी त्यावर हात फिरवून घेतो. काम कोणाचं आहे, ते मला ठाऊक आहे ना!