आयर्लंडचं बंड आणि लाल खडू

नव्वदच्या दशकात नाशिकरोडच्या आमच्या कॉलेजात माझे एक सहकारी प्राध्यापक इतिहास शिकवायचे. शेजारच्या वर्गावर माझा तास असायचा. सतराव्या शतकातलं आयर्लंडचं बंड आलं की त्यांना चेव चढायचा. फळ्यावरच्या नकाशात लाल खडूने इंग्रज फौजेच्या चालीचे बाण काढत, “वेढा, तोफा, गाव पडलं, पुढे!” असं ओरडत ते पडलेलं गाव अंगठ्याने पुसून टाकायचे.

एकदा देवळ्याच्या एका मुलीने विचारलं, “सर, त्या गावांतल्या लोकांचं काय झालं?”

“कापून काढले. पण ते परीक्षेला येत नाही. बंड मोडलं, एवढंच लिही.”

ती खाली बसली, ती वर्षभर गप्पच.

मार्चमध्ये स्टाफरूममध्ये लाल अंगठ्याने कपाचा कान धरून ते मला कौतुकाने म्हणाले, “देवळ्याची ती पोरगी सुधारली हो. आता नको ते विचारत नाही.”