सरांच्या येण्याच्या जागा

भूगोलाच्या सरांना आम्हाला पुतळ्यासारखं उभं करायची दांडगी हौस. नाशिक रोडच्या आमच्या शाळेच्या मैदानावर ते चुन्याची वर्तुळं काढत. ही बर्फातली भोकं. खालच्या पाण्यातला सील श्वास घ्यायला यातल्या एका भोकाशी येणारच, पण कुठल्या, ते कळत नाही. म्हणून प्रत्येक भोकाशी एक शिकारी, आणि हलायचं नाही. सील स्वतः सर व्हायचे. डोळे अर्धवट मिटून हिंडायचे आणि कुणाच्या तरी वर्तुळात थांबायचे. ज्याच्या वर्तुळात थांबतील त्या मुलाला शेंगदाण्याची पुडी मिळे. ती त्याने सगळ्यांना वाटायची, स्वतः शेवटी घ्यायची.

"सर, माझ्याकडे आला, मग मला शेवटी का?" एकदा मी विचारलं.

"बाकीचे उभे नसते तर तिकडून वर आला असता, शहाण्या."

अशी शिकार करणाऱ्यांना पुस्तकात एस्किमो छापलेलं असे. सर खोडून इन्यूइट लिहायला लावत. "ते स्वतःला तसं म्हणतात. अर्थ एवढाच, की माणसं."

पुढे सर आणि मी एकाच कॉलनीत राहायला आलो. सर निवृत्त झाले आणि काही वर्षांनी त्यांना विस्मरण जडलं. न सांगता घराबाहेर पडायचे. सरांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, एकदा बाहेरून कडी लावून पाहिली, तर सर आत लहान मुलासारखे रडले. त्यानंतर त्यांनी कडी लावली नाही. रेल्वेचे रूळ जवळ, त्यामुळे धास्ती सगळ्यांनाच.

पहिल्यांदा सर गेले तेव्हा आम्ही मोटारसायकली काढून भाग पालथा घातला. आम्ही एका गल्लीत शिरायचो, ते दुसरीतून निघून गेलेले असायचे. दुसऱ्या वेळी मी कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, कोणी फिरू नका. सर ठरलेल्या चार-पाच ठिकाणीच जातात. शाळेचं फाटक, दूध केंद्र, बागेचा बाक, स्टेशनचा जिना. एकेकाने एकेक जागा धरा.

नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले गांगुर्डे भडकले. "माणूस हरवलाय आणि तुम्ही आम्हाला खांबासारखं उभं करताय?"

तरी शाळेच्या फाटकाशी उभे राहिले. सर चालत त्यांच्याच पुढ्यात आले. गांगुर्ड्यांचा फोन आला, "आले हो! मलाच विचारतायत, गृहपाठ केला का?"

मग हे नेहमीचंच झालं. किती वेळा, ते मोजलं नाही, म्हणून आकडा देत नाही. पावसात, ऑफिसच्या वेळेला, भरल्या ताटावरून उठून. माणसं दमली. कुणाची ड्युटी, कुणाचे गुडघे. रागावलं कोणी नाही, फक्त ग्रुपवरची उत्तरं उशिरा यायला लागली. शेवटच्या वेळी आम्ही तिघेच निघालो. स्टेशनच्या जिन्याशी कोणी नव्हतं. सर तिकडेच गेले आणि पायऱ्यांवरून पडले. खुबा मोडला.

दवाखान्यात काकू म्हणाल्या, "कुणाला बोल लावू नका. माझेही पाय आता चालत नाहीत." त्यांनी पुण्याच्या मुलाला फोन करून घेऊन जायला सांगितलं. इतकी वर्षं त्या नाशिक सोडायला तयार नव्हत्या.

निघायच्या दिवशी कॉलनी फाटकाशी जमली, दमलेले, न येणारे, सगळे. सरांनी गाडीच्या काचेतून गर्दी पाहिली आणि काच खाली करायला लावली.

"एवढी माणसं? कोण हरवलंय?"

गांगुर्डे दुसरीकडे बघायला लागले. मी म्हणालो, "कोणी नाही, सर."

"मग जा रे घरी. चेहरे बघा केवढे उतरलेत."