कुरडयांच्या सावलीतली खोली

"एसी बसवू देणार न्हाई म्हणजे न्हाई! माझ्या भिंतीला भोक पाडायचं नावच काढू नका."

घरमालकीण काकू जिन्यातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. माझ्या एका हातात टूलबॉक्स, दुसऱ्या हातात मोजपट्टी. मागे भाडेकरू सविता राठोड, तोंड उतरलेलं. हिंगोलीत औंढा रोडच्या बाजूला, दोन मजली घराचा वरचा मजला. मे महिना. दुपारचे दोन.

मी आयटीआयला फ्रिज-एसीचा ट्रेड केलेली बाई. आमच्या बॅचला बाकी सगळी पोरं होती. 'ही काय मशीन उचलणार' म्हणून हसायची. त्यातले निम्मे आता दुसरंच काहीतरी करून राहिलेत, आणि मी अजून याच धंद्यात आहे. हे मी सांगतेच, कोणी विचारो न विचारो.

एसी का हवा होता ते सवितानं आत नेऊन दाखवलं. खाटेवर तिचे वडील होते, बापू. औंढ्याकडच्या तांड्यावरचे, आयुष्यभर शेतात राबलेले. होळीच्या आधी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. फिजिओथेरपीवाले सर रोज सकाळी घरी येत. पाय हलायला लागला होता. पण ऊन वाढलं तसं बापूंनी एकच धोशा लावला होता: मला तांड्यावर न्या. दोनदा तर खाटेवरून उतरायला गेले आणि पडले.

"तांड्यावर कडुलिंबाची सावली आहे ताई, पण तिथं फिजिओथेरपी कोण देणार?" सविता म्हणाली. "पाय आत्ता सुधरला तर सुधरला, असं सर म्हणतात. बापू म्हणजे नांगर धरलेला माणूस, त्यांना असं पडलेलं न्हाई बघवत."

ती शाळेत शिक्षिका. सुट्टी होती म्हणून दिवसभर बापूंजवळ. बोलता बोलता तिच्या डोळ्यात पाणी आलं. माझंही काळीज हललं, पण कामावर रडून भागत नाही. मी खोली बघायला लागले.

पहिली गोष्ट, कूलर. खोलीच्या मधोमध कूलर, आणि सगळ्या खिडक्या गच्च बंद!

"खिडक्या काहून लावल्या?"

"गारवा बाहेर जाईल ना."

ही चूक अख्खा मराठवाडा करतो. कूलर म्हणजे एसी नव्हे. कूलरच्या जाळीतल्या ओल्या गवतातून बाहेरची कोरडी हवा ओढायची, की ती थंड होते. बंद खोलीत तो तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. मग अंग चिकट होतं, घाम वाळत नाही आणि माणूस गुदमरतो. कूलर बाहेरच्या हवेला लागला पाहिजे, आणि समोरून हवा निघून जायला वाट पाहिजे.

मी कूलर ओढत गॅलरीत नेला, तोंड खिडकीतून आत. समोरची स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"अहो ताई, सगळं गार बाहेर चाललं!"

"जाऊ द्या. दहा मिनिटं मला काही बोलू नका."

दहा मिनिटांनी चिकचिक गेली. पण गरमी होतीच. मी स्टुलावर चढून छताला तळहात लावला आणि झटकन काढला. वरचा मजला म्हणजे डोक्यावर नुसता स्लॅब. दिवसभर तो ऊन पितो आणि आत सोडतो. कूलर एकटा त्याच्याशी किती भांडणार?

तेवढ्यात बापू डाव्या हातानं कोपऱ्याकडं दाखवून काहीतरी बोलायला लागले. शब्द जड येत होते.

"खाट... तिकडं..."

"आठ दिवस झाले, हेच लावून राहिले," सविता म्हणाली. "तिथं तर कूलरचं वारंसुद्धा पोचत नव्हतं. हट्ट नुसता."

मी स्टूल उचललं आणि त्या कोपऱ्यात ठेवलं. छताला हात लावला. हात टिकला! पुन्हा मधे येऊन बघितलं, चटका. पुन्हा कोपऱ्यात, नुसतं कोमट. एकाच खोलीचं एकच छत, आणि एवढा फरक? मी तशीच गच्चीवर धावले.

गच्चीवर काकूंच्या कुरडया होत्या. बरोब्बर त्या कोपऱ्याच्या वर एक बाज, तिच्यावर जुनी सुती साडी, साडीवर कुरडया. बाजेखाली स्लॅबवर सावली, आणि मधून वारा खेळत होता. बाकी गच्चीवर काकूंनी प्लास्टिक अंथरून त्यावर कुरडया घातल्या होत्या. ते प्लास्टिक तव्यासारखं तापलेलं.

म्हणजे त्या बाजूनं धग कमी येते, हे बापू खाटेवर पडल्या पडल्या अंगानंच ओळखून होते. आम्ही शहाणे मात्र एसीची मापं घेत होतो.

काकू मागोमाग वर आल्या. "हात लावू नका! तीन दिवस गहू भिजवून, चीक शिजवून केल्यात."

"काकू, प्लास्टिकवरच्या वाळल्या का?"

"खालून ओल्याच राहतात मेल्या. रोज उलथत बसावं लागतं."

"आणि बाजेवरच्या?"

काकूंनी बाजेवरची एक कुरडई मोडून बघितली. मग म्हणाल्या, "त्या वाळल्या."

"वाळणारच. वरून ऊन, खालून वारा. सगळ्या बाजेवर घाला. बापूंच्या खोलीवर बाजाच बाजा लावू. तुमच्या भिंतीला भोक न्हाई, गच्चीवर पाणी ओतायचं न्हाई."

"आन् माझ्या कुरडया बिघडल्या तर?"

"मी माझ्या हातानं करून देते."

"तुला येतात का?"

"न्हाई येत," मी खरं सांगितलं. "म्हणूनच बिघडू देणार न्हाई."

काकूंना हसू आवरलं नाही. त्यांनी गल्लीत हाका मारल्या. कोणाची बाज, कोणाची लाकडी खाट, संध्याकाळपर्यंत खोलीवरची गच्ची भरली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका आपापल्या पापड-कुरडया तिथंच घालायला येऊ लागल्या.

मी ज्या एसीच्या दुकानात कामाला आहे, तिथं शेठ तापले होते. "एसीचं गिऱ्हाईक होतं ना? काय विकून आलीस?"

"काहीच न्हाई."

"मग केलंस काय तिथं?"

"बाजा लावल्या."

त्यांना समजावून सांगायला मला चहा संपेपर्यंत वेळ लागला, आणि तरी पटलं नाही.

चार दिवसांनी दुपारी तीन वाजता मी मुद्दाम गेले. स्टुलावर चढले, छताला हात टेकवला आणि तसाच ठेवला. कूलर गॅलरीत, खिडकी उघडी. बापू घोरत होते. सविता दारात उभी राहून हळूच म्हणाली, "तांड्याचं नाव न्हाई काढलं चार दिवसांत." खोटं कशाला बोलू, मला माझा फार अभिमान वाटला. जिना उतरताना माझी मान ताठ होती.

कुरडया संपल्यावरही काकूंनी बाजा काढल्या नाहीत. जुन्या साड्या अंथरून तशाच ठेवल्या. मृगाच्या आधी त्यांनी मला निरोप धाडला, कुरडया घेऊन जा म्हणून. मी गेले तर खोलीत कोणीच नाही. खाट रिकामी!

वरून काकूंचा आवाज आला, "इकडं ये, गच्चीवर."

बापू गच्चीच्या दारात काठी धरून उभे होते. उजवा पाय ओढत, सविताच्या खांद्याला धरून, पण पायऱ्या स्वतः चढून आलेले. समोरच्या बाजांकडं त्यांनी काठीनं दाखवलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि एक एक शब्द जुळवत म्हणाले,

"मी... आधीच... सांगत होतो."

मला हसूही आलं आणि रडूही. मी म्हणाले, "व्हय बापू, बराबर सांगत होता. चुकलं आमचं."

तेव्हापासून कोणत्याही घरी गेले की टूलबॉक्स उघडायच्या आधी एक विचारते: या खोलीत दिवसभर कोण असतं? मग त्यालाच विचारते, गार कुठं लागतं.