मुळगावच्या वळणावरची सायकल

तो प्रसंग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. सेवेचे शेवटचे वर्ष होते आणि मी गोव्यातल्या डिचोली भागात उपनिरीक्षक म्हणून तपासाचे काम पाहत होतो. अनेक वर्षे बंद असलेली खनिज वाहतूक पुन्हा सुरू झाली होती. रस्त्यावर ट्रक वाढले होते, आणि अपघाताची वर्दी आली की ठाण्यातले सगळे आधी ट्रकचेच नाव घेत. त्या दिवशी सकाळी पावणेआठला वर्दी आली ती मात्र एका छोट्या कारची होती. मुळगावच्या शेतांलगतच्या वळणावर कारने सायकलस्वाराला उडवले, माणूस बेशुद्ध आहे, एवढेच फोनवर सांगितले गेले.

मी हवालदाराला घेऊन पोचलो तोवर जखमीला इस्पितळात नेले होते. सायकल रस्त्याच्या कडेला आडवी पडली होती. दहा-बारा पावलांवर कार उभी होती आणि कारशेजारी एक बाई दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. त्या मये गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. वय पंचेचाळीसच्या पुढे, नवरा वारलेला, गाडी चालवायला शिकून जेमतेम दोन महिने झालेले. त्या एकच सांगत होत्या, की सायकलवाला त्यांच्यासमोरच डोलला आणि पडला, त्यांनी ब्रेक मारून गाडी उजवीकडे घेतली, गाडी त्याला लागली नाही.

शेतात काम करणारे दोघे म्हणाले, गाडीनेच उडवले. मी त्यांना वेगवेगळे उभे करून विचारले. आवाज आला म्हणून दोघांनी मान वर केली होती. पडलेला माणूस आणि थांबलेली गाडी त्यांनी पाहिली होती. धडक दोघांनीही पाहिली नव्हती. पण ते खोटे बोलत होते असेही नाही. माणूस जे पाहतो आणि त्यावरून जे समजतो, ते त्याच्या मनात फार लवकर एक होऊन जाते.

पंचनाम्यात कारच्या डाव्या दारावर एक ओरखडा मिळाला. बाई म्हणाल्या, तो घराच्या फाटकाचा आहे, जुना आहे. वळणावर कॅमेरा नव्हता. गुन्हा नोंदवून कार आणि सायकल ठाण्यात आणली.

जखमी माणूस शेजारच्या दोडामार्ग तालुक्यातला, खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. मुळगावात भाड्याच्या खोलीत बायकोसह राहत असे आणि ट्रक उभे असत तिथपर्यंत सायकलने जात असे. डोक्याला मार होता. डिचोलीहून त्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात हलवले. चार दिवस तो शुद्धीवर आला नाही. ते चार दिवस ठाण्यातला फोन वाजला की मी हातातले काम टाकून तो आधी उचलायचो. तो गेला असता तर गुन्ह्याचे कलम बदलले असते आणि त्या बाईंच्या मागे मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा खटला लागला असता. वरून रोज विचारणा होत होती. दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस ट्रक ड्रायव्हर ठाण्याच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. त्यांचे म्हणणे, ट्रकवाल्याने ठोकले असते तर तुम्ही त्याला लगेच आत टाकले असते, मग टीचरला का सोडले?

पाचव्या दिवशी तो शुद्धीवर आला आणि डॉक्टरांच्या परवानगीने मी जबाब घेतला. त्याने सांगितले, मागून कार आली आणि ठोकर मारली. एवढेच. बोलताना त्याची जीभ जड वाटत होती. औषधाचा परिणाम असेल, असे मी धरून चाललो.

जखमीचा जबाब, दोन साक्षीदार, कारवरचा ओरखडा. प्रकरण सरळ दिसत होते. मी बाईंना पुन्हा बोलावले. महिला हवालदार शेजारी बसली होती. बाई सहा दिवसांत सुकून गेल्या होत्या. मुख्याध्यापकांनी त्यांना काही दिवस रजा घ्यायला सांगितले होते. शाळेतल्या मुलांच्या आया दुकानात त्यांच्याकडे पाहून बोलायचे थांबत होत्या. मी त्यांना जखमीचा जबाब वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मला तो पडल्याचा आवाज रात्रंदिवस ऐकू येतोय, साहेब. तो माणूस खोटं कशाला बोलेल? माझीच गाडी लागली असेल. तसं लिहून घ्या."

खरे सांगायचे तर मला हायसे वाटले. पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही हे मला माहीत होते, पण तपासाची दिशा त्या कबुलीने ठरते. मी त्यांना दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन यायला सांगितले आणि बाकीची कागदपत्रे तयार करायला घेतली.

त्याच दुपारी जखमीची बायको ठाण्यात आली. आत यायला तयार नव्हती. मी व्हरांड्यात गेलो. ती भिंतीकडे तोंड करूनच हळू बोलली, "साहेब, गाडी तेंका लागाक नाय. तेंका फिट येता. दोन म्हयने झाले."

दोनदा घरात, एकदा विहिरीवर, असे तिने सांगितले. तिने डॉक्टरकडे चला म्हटले तर तो चिडायचा. मग ती म्हणाली, "परत ट्रकार बसले तर कोणाक तरी मारतले. त्या वाटेर शाळा आसा. माझा नाव सांगू नकात."

मी तिला शब्द दिला. ती गेल्यावर मी इस्पितळातले कागद परत काढले. पहिल्या तपासणीच्या कागदावर लिहिले होते: जिभेच्या उजव्या कडेला चावल्याची जखम. ती ओळ सहा दिवस माझ्या फाइलमध्ये होती. मी डोक्याच्या जखमेपाशीच थांबलो होतो. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अशी जखम फिट येणाऱ्या माणसाला होते, पण नुसत्या तिच्यावरून ठाम सांगता येणार नाही, तपासण्या कराव्या लागतील. मग मी टेप घेऊन ठाण्याच्या आवारात गेलो. कारवरचा ओरखडा गुडघ्याच्या खाली होता आणि त्यात गंज धरला होता. सायकलचे हँडल, पेडल, काहीच त्याच्याशी जुळत नव्हते. मागचे चाक आणि मडगार्ड सरळ होते. मागून ठोकर बसलेल्या सायकलचे मागचे चाक असे राहत नाही. हे सगळे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डमध्ये गेलो. दरडावून काही मिळणार नाही, हे दिसत होते. मी त्याला त्या सकाळचे सगळे अगदी खोलीतून निघाल्यापासून सांगायला लावले. रस्त्यावरच्या ओढ्याच्या मोरीपर्यंत त्याला सगळे आठवत होते. मोरीवर बसलेली गुरेसुद्धा आठवत होती. मोरी त्या वळणाच्या बरीच अलीकडे आहे. मी विचारले, मग कारचा आवाज कुठे ऐकलास? मोरीनंतरचे त्याला काहीच सांगता येईना. मी सायकलच्या चाकाविषयी सांगितले, मग डॉक्टरांचा कागद त्याच्यासमोर धरला आणि जीभ कशी चावली गेली ते विचारले.

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले. तो म्हणाला, "फिट येता म्हणान लिवलात तर माझा लायसन जातला, साहेब. परत ट्रकाक हात लावूक गावचो नाय."

खाणी बंद होत्या ती सगळी वर्षे त्याने मिळेल ती मजुरी करून काढली होती. ट्रक पुन्हा हातात येऊन चार महिने झाले होते. शुद्धीवर आला तेव्हा भोवतीचे सगळे म्हणत होते, कारने ठोकले. त्याने तेच धरून ठेवले. त्या टीचरचे काय होईल, असे मी विचारले. तो म्हणाला, सरकारी नोकरी आहे, त्या सुटतील असे वाटले. कबुली लिहून द्यायला त्या तयार झाल्या आहेत, हे त्याला माहीत नव्हते. ते ऐकल्यावर त्याने स्वतःच नवा जबाब घ्या म्हणून सांगितले.

तपासण्यांत फिटचा आजार निघाला. बाईंविरुद्ध पुरावा नाही, असा अंतिम अहवाल मी पाठवला. त्याच्यावर खोट्या माहितीबद्दल कारवाई करावी का, यावर वरिष्ठांशी बोलणे झाले आणि त्याला समज देऊन सोडले. त्याचे लायसन गेले. काही महिन्यांनी ती दोघे दोडामार्गला आपल्या गावी परतली. औषध चालू आहे आणि तो काजूच्या बागेत कामाला जातो, असे नंतर कानावर आले. टीचर शाळेत रुजू झाल्या, पण कार त्यांनी विकली. वशिल्याने सुटली म्हणणारे मुळगावात आजही आहेत.

घाबरलेला माणूस दोषी असतो, असे मला तीस वर्षे वाटत आले होते. बाई घाबरल्या होत्या म्हणून मी त्यांची कबुली खरी मानली, आणि तो अंथरुणावर पडलेला होता म्हणून त्याच्या भीतीकडे मी पाहिलेच नाही. त्याच्या बायकोला सगळ्यात जास्त गमवायचे होते, तरी खरे सांगायला तीच आली, आणि तिचे नाव त्या फाइलमध्ये कुठेही नाही. न सुटलेले काही गुन्हे माझ्या नावावर आहेत, त्यांची मला फारशी टोचणी नाही. टोचतो तो हा सुटलेला गुन्हा. त्याची बायको आणखी एक दिवस उशिरा आली असती तर कबुलीवर टीचरची सही मी घेऊन मोकळा झालो असतो.